डबा मांडीवर

कंपनीच्या बसमध्ये सीटवर कुणाचं नाव लिहिलेलं नसतं, तरी प्रत्येकाची जागा ठरलेली असते. नवा माणूस चुकून दुसऱ्याच्या जागेवर बसला तर त्याला कोणी उठवत नाही. सगळे नुसते त्याच्याकडे बघत राहतात, आणि पुढच्या स्टॉपच्या आत तो आपणहून उठतो. जागा धरायचीही एक पद्धत आहे. आधी चढणाऱ्याने शेजारच्या सीटवर डब्याची पिशवी ठेवायची. पिशवी सीटवर असली की ती जागा कुणाची तरी आहे. पिशवी मांडीवर असली की कोणीही बसावं.

मी चाकणला नवीन लागलो तेव्हा मोशीत खोली घेऊन राहत होतो. मराठवाड्यातून आलेला, बोलणं तिकडचं, अंगावर इस्त्री न केलेला शर्ट. पहिल्या दिवशी बसमध्ये चढलो तर प्रत्येक सीटवर एकेक पिशवी. मी दांड्याला धरून उभा होतो. भोसरीहून चढलेल्या एका माणसाने आपली पिशवी उचलली आणि म्हणाला, "बसा राव. माजा जोडीदार मागच्याच म्हैन्यात रिटायर झालाय. ही जागा आता तुमची."

तेव्हापासून अकरा वर्षं आम्ही शेजारी. पुढे मी पिंपळे गुरवला फ्लॅट घेतला, त्यामुळे मी आधी आणि तो नंतर चढायला लागला. मग जागा धरायचं काम माझ्याकडे आलं. कासारवाडी गेली, भोसरी आली, की तो चढणार, माझी पिशवी उचलून माझ्या मांडीवर ठेवणार आणि विचारणार, "काय दिलंय वैनींनी?"

तो मुसलमान आहे हे मला त्याच्या नावावरून कळलं, बोलण्यावरून कधीच कळलं नसतं. त्याचं गाव मावळातलं, पिढ्यान्‌पिढ्या तिथलंच. "हाय" आणि "न्हाई" ऐकून आमच्या बसमधले पुण्याचे लोक त्याला अस्सल गावकरी म्हणून चिडवायचे, आणि मला परगावचा म्हणून.

मी क्वालिटीत आहे. दुसऱ्याने केलेल्या कामात खोट काढण्याचा मला पगार मिळतो. बायको म्हणते, घरी येऊन तुम्ही ओव्हरटाइम करता आणि तोही फुकट. माझा तो शेजारी गेजरूममध्ये. गेज म्हणजे आम्ही ज्याने माल मोजतो ती मापं. माप खरं दाखवतंय की नाही हे तो तपासतो, त्यावर स्टिकर लावतो आणि सही करतो. त्याची सही असली की मी डोळे झाकून ते माप हातात घ्यायचो. महिन्याच्या शेवटी मी कोणती गेज तपासायला द्यायची त्याची यादी पाठवायचो आणि ती भरून माझ्या ट्रेमध्ये परत यायची. एखादा रकाना मी मोकळा सोडला असेल तर तो यादी घेऊन स्वतः माझ्या टेबलाशी यायचा. म्हणायचा, "रिकामा रकाना ठिवायचा न्हाई, राव. रिकामा रकाना म्हंजी कुनीतरी कायतरी लपवलंय."

गेल्या दिवाळीच्या थोडं आधी लांबच्या कुठल्याशा शहरात घातपाताच्या संशयावरून काही तरुणांना पकडलं. त्यातला एक कारखान्यात नोकरीला होता. खरंखोटं कोर्टात ठरेल, पण चॅनेलकडे तेवढा वेळ नव्हता. आमच्या कॅन्टीनच्या भिंतीवरचा टीव्ही दिवसभर तेच दाखवत होता. एक धूसर चित्र, रस्त्याने चाललेली माणसं, त्यातल्या एका भोवती लाल गोल. तो माणूस केळी घेत होता. पण त्या लाल गोलात तो केळीसुद्धा काहीतरी कट शिजवत घेतोय असं वाटत होतं. मग निवेदक ओरडून विचारायचा, तुमच्या शेजारी बसणाऱ्याला तुम्ही खरंच ओळखता का? आणि पडद्यावर लक्षणांची यादी यायची. अचानक दाढी वाढवणं. ठरलेला रस्ता बदलणं. फोनवर हळू बोलणं. बरोबर जड बॅग असणं. मित्रांपासून तुटक वागणं.

त्याच आठवड्यात आमच्या सिक्युरिटी ऑफिसरनी सगळ्या स्टाफला बोलावून सांगितलं की काही वेगळं दिसलं तर माझ्या कानावर घाला. ते फौजेतून निवृत्त झालेले, हिंदी बोलणारे, सरळ गृहस्थ. पण त्यांच्या कानावर घातलं की काय होतं ते आम्ही लगेच पाहिलं. पेंट शॉपमधल्या एका कंत्राटी कामगाराने फोनच्या स्टेटसला अरबी अक्षरांत काहीतरी ठेवलं होतं. कोणालाच ते वाचता येत नव्हतं, म्हणून ते जास्तच भयंकर वाटलं. दुसऱ्या दिवशी त्याचा गेट पास बंद झाला. त्याचे वडील गेले होते आणि ती मयताची दुआ होती, असं नंतर कोणीतरी म्हणालं. तोवर तो सामान बांधून गावी गेला होता.

मग एका संध्याकाळी जेवताना बायको म्हणाली, "अहो, ही तर भाईंचीच गल्ली ना? आपण लग्नाला गेलो होतो." त्याला आम्ही दोघं भाईच म्हणतो. चॅनेल आता आमच्या भागात पोचलं होतं, टीव्हीवर भोसरीच्या भंगार बाजाराशेजारची ती गल्ली होती. तिथे त्याच्या पुतणीच्या लग्नात मी दोनदा बिर्याणी वाढून घेतली होती. आता त्याच गल्लीत कॅमेरा थरथरत आत शिरत होता, मागे ढोलासारखं संगीत, आणि निवेदक विचारत होता की या निळ्या ड्रममध्ये आहे तरी काय.

मला माहीत होतं त्या ड्रममध्ये काय आहे. मशीनवर वापरून झालेलं तेल. ते ड्रम आमच्याच कंपनीतून भंगारात जातात. त्यांच्या कडेला आम्ही मारतो तो पिवळा पट्टा टीव्हीवर स्वच्छ दिसत होता. त्या पट्ट्याचा रंग सुकला की नाही हे मी स्वतः बोट लावून बघितलेलं. आणि तरीसुद्धा, खरं सांगतो, ते संगीत चालू असताना मला त्या ड्रमची भीती वाटली.

दुसऱ्या दिवशी सकाळी बसमध्ये सगळ्यांच्या फोनवर तीच क्लिप. स्टोअरमधला एक जण म्हणाला, "आपल्याच बाजूला एवढं चाललंय आणि आपल्याला पत्ता नाही." मी म्हणायला हवं होतं, अरे बाबा, ते ड्रम आपले आहेत. एवढं एकच वाक्य. पण मला वाटलं, बोललो तर सगळे माझ्याकडे बघतील, याला एवढी माहिती कशी, हा का त्यांची बाजू घेतोय. मी तोंडाला कुलूप घातलं आणि खिडकीबाहेर बघत राहिलो.

भोसरी जवळ आली तेव्हा मी सीटवरची पिशवी उचलली आणि मांडीवर घेतली.

मी ठरवून केलं का? अजून सांगता येत नाही. हात गेला एवढं खरं. लगेच तो स्टोअरवाला मागून उठून माझ्या शेजारी येऊन बसला, त्याला तिथे वारा चांगला लागतो म्हणे. भोसरीला भाई चढला, आमच्या सीटपाशी आला, स्टोअरवाल्याकडे बघितलं, मग माझ्या मांडीवरच्या पिशवीकडे बघितलं. मागे चाकावरची सीट मोकळी होती, जिथे बसलं की मोशीचा प्रत्येक खड्डा हाडांत शिरतो. तिथे जाऊन बसला.

संध्याकाळी मी त्याला म्हणालो, "माझी पाठ धरलीय, ऐसपैस बसायला लागतं." तो म्हणाला, "बरं." शेजारी माणूस बसलेला असताना ऐसपैस कसं बसायचं, हे त्याने विचारलं नाही आणि मीही सुचू दिलं नाही.

एकदा पाल चुकचुकली की ती चुकचुकतच राहते. मी त्याच्याकडे नीट बघायला लागलो, आणि नीट बघणं हाच माझा धंदा. त्याने दाढी वाढवली होती. संध्याकाळी तो हल्ली रोज भोसरीला उतरत नव्हता. आठवड्यातून दोन-तीनदा पुढे कासारवाडीपर्यंत यायचा आणि स्टेशनच्या दिशेने जायचा. पाठीवर नवी बॅग असायची आणि ती उचलताना तो दात आवळायचा, म्हणजे जड असणार. फोन आला की तोंडापुढे हात धरून हळू बोलायचा. हसणं तर बंदच झालं होतं. टीव्हीवरची यादी जशीच्या तशी.

मग मी जे केलं ते फक्त क्वालिटीतलाच माणूस करेल. मी चेकशीट बनवलं. मालातले दोष टिपायचा आमचा जो छापील कागद असतो तोच घेतला: निरीक्षण, किती वेळा, कारण, तपासणारा, पडताळणी. निरीक्षणाच्या रकान्यात पाचही लक्षणं लिहिली आणि रोज बसमधून उतरलं की बरोबरच्या खुणा करायला लागलो. अशा कागदाची एक खोड मला कित्येक वर्षं माहीत आहे आणि मी ती नव्या पोरांना शिकवतोसुद्धा. ज्या दोषाचा रकाना आखाल तोच दोष सापडतो, बाकी काही दिसत नाही. हे मला तेव्हा आठवलं नाही. दाढीपुढे खूण करताना माझा डावा हात स्वतःची दाढी खाजवत होता, हेही माझ्या लक्षात आलं नाही. मीही त्याच दिवाळीपासून दाढी ठेवली होती. अर्ध्या बसने ठेवली होती, फॅशनच होती. कारणाचा रकाना मी मोकळा सोडला, कारण मला ते उघडच वाटत होतं.

सहावी ओळ एका दुपारी वाढली. तो माझ्या टेबलाशी येऊन म्हणाला, "राव, तुमच्याकडं एखादं जुनं स्टॉपवॉच पडलंय का? टाकाऊ चालंल. फकस्त सेकंद बरूबर दाखवायला पायजे." स्टॉपवॉच फोनमध्ये असतं, मग ह्याला वेगळं कशाला? मी म्हणालो, बघतो. तो गेल्यावर ड्रॉवरमध्ये दोन स्टॉपवॉच पडलेली होती ती मी आणखी आत ढकलली.

त्या दिवशी मी निर्णय घेतला. कागद सिक्युरिटी ऑफिसरना द्यायचा. त्याचा परिणाम काय होईल हे मला पक्कं ठाऊक होतं. गेट पास बंद, आणि मग "चौकशी होईपर्यंत घरी बसा". पन्नाशीला आलेल्या, असा कलंक लागलेल्या माणसाला चाकणमध्ये पुन्हा नोकरी मिळत नाही. त्याच्या पगारावर घरातली पाच माणसं आहेत हेही ठाऊक होतं. मी स्वतःला समजावलं की मी काही आरोप करत नाही, मी फक्त निरीक्षण देतोय. पुढचं वरचे बघतील.

कागद पारदर्शक फोल्डरमध्ये घातला. दुसऱ्या तशाच फोल्डरमध्ये महिनाअखेरची गेजची यादी होती. एक फोल्डर शिपायाकडे गेजरूमसाठी दिला, आणि दुसरा घेऊन गेटवरच्या केबिनमध्ये गेलो.

सिक्युरिटी ऑफिसरनी चष्मा लावला. सावकाश पहिलं पान वाचलं, दुसरं वाचलं. मग गंभीरपणे विचारलं, "साहब, ये प्लग गेज कौन है?"

प्लग गेज म्हणजे भोक मोजायचं माप; माझ्या हातून फोल्डरची अदलाबदल झाली होती. काहीतरी बोललो, चुकीची फाइल म्हणालो, आणि गेजरूमकडे जवळजवळ पळत गेलो. दाराच्या काचेतून तो दिसला. टेबलाशी बसला होता, कोपराखाली माझा फोल्डर. मी दार ढकलून म्हणालो, "भाई, ती यादी जरा परत द्या, चुकून गेली."

त्याने वर बघितलं. चेहऱ्यावर राग नव्हता, काहीच नव्हतं. "माझ्याकडं आलीय न्हवं? आता भरूनच देतो," म्हणाला.

पुढचे तीन दिवस मी जसे काढले तसे शत्रूलाही नकोत. लाज वाटायला हवी होती, पण आधी वाटला तो संशयच. आता हा काय करेल? याला माझं घर माहीत आहे. मी बायकोला सांगितलं की बेल वाजली तर आधी भोकातून बघ. ती म्हणाली, "का? कोण येणार आहे?" मी सांगू शकलो नाही. बसमध्ये तो मागे चाकावर बसायचा आणि माझ्या मानेवर सगळा वेळ त्याची नजर आहे असं वाटायचं. एकदा हिय्या करून वळून बघितलं तर तो डोळे मिटून बसला होता, दोन्ही हात गुडघ्याभोवती घट्ट धरून.

चौथ्या दिवशी सकाळी कागद माझ्या ट्रेमध्ये होता. नेहमीच्या याद्या येतात तसाच, पूर्ण भरून, त्याच्या त्या बारीक सरळ अक्षरात. मी केबिनचं दार लावलं आणि वाचला.

दाढी. कारण: तुम्ही ठेवली त्याच कारणाने.

रस्ता बदलला. कारण: कासारवाडी स्टेशनजवळ फिजिओथेरपी. उजवा गुडघा. कंपनीत कोणाला सांगितलेलं नाही. अनफिट लिहिलं तर काढतील.

जड बॅग. कारण: पायाला बांधायची वाळूची वजनं. डॉक्टरांनी दिलेली.

तुटक वागणं. कारण: दुखतं.

स्टॉपवॉच मागितलं. कारण: व्यायामात पाय तीस सेकंद वर धरायचा असतो. जेवणाच्या सुट्टीत गेजरूममध्ये करतो. फोन लॉकरमध्ये असतो.

फोनवर हळू बोलणं. कारण: हे माझं खासगी आहे. देणार नाही.

ज्या गोष्टीने त्याची नोकरी जाऊ शकत होती ती त्याने लिहून, खाली सही करून, माझ्या हातात दिली होती. आणि ती कोणाच्या हातात देतोय हे त्याला चांगलंच माहीत होतं. मी हे वाचून रडलो असं लिहिलं तर बरं दिसेल. पण माझी नजर फोनच्या ओळीवर पुन्हा पुन्हा जात होती. देणार नाही म्हणजे काय? काय असेल? पाच कारणं समोर असताना मला ते सहावं हवं होतं. त्या क्षणी मला माझी जेवढी किळस आली तेवढी त्या तीन दिवसांतही आली नव्हती.

खाली त्याने एक ओळ स्वतः वाढवली होती. निरीक्षण: डबा मांडीवर. किती वेळा: रोज. तपासणारा म्हणून स्वतःची सही. कारणाचा रकाना मोकळा.

मी पेन्सिल घेतली आणि लिहिलं, पाठदुखी. खोडलं. गैरसमज, असं लिहिलं. तेही खोडलं. गैरसमज झाला असता तर ड्रमवरचा पिवळा पट्टा मला ओळखू आला नसता. खोडून खोडून तिथला कागद पातळ झाला. संध्याकाळी कागद ड्रॉवरमध्ये ठेवला, आणि तिथली दोन्ही स्टॉपवॉच बाहेर काढून शिपायाबरोबर गेजरूममध्ये पाठवली. त्यातलं एक परत आलं. त्यावर चिठ्ठी होती: हे दोन सेकंद मागे पडतं, वापरू नये.

दुसऱ्या दिवशी बसमध्ये मी पिशवी सीटवर ठेवली. कासारवाडीला स्टोअरवाला चढला आणि पिशवी उचलायला वाकला. मी म्हणालो, "ही जागा आहे." तो म्हणाला, "कोणाची?" मी म्हणालो, "ज्याची होती त्याची." मग घसा साफ केला आणि जरा मोठ्यानेच, दोन सीट पुढच्यांना ऐकू जाईल असं सांगितलं की टीव्हीवरचे ते निळे ड्रम आपल्या कंपनीचे आहेत, आत जुनं तेल असतं. ती क्लिप केव्हाच जुनी झाली होती. एकाने विचारलं, "कुठले ड्रम?"

भोसरी आली. तो चढताना मी पहिल्यांदा त्याच्या पायांकडे बघितलं. दांडा धरून एक पाय पायरीवर, मग दुसरा त्याच पायरीवर, मग पुढची. इतके दिवस मी त्याची दाढी बघत होतो. तो आमच्या सीटपाशी आला आणि थांबला. पिशवी बघितली.

"रकाना भरला का?" त्याने विचारलं.

"नाही अजून," मी म्हणालो.

"मग आधी भरा," तो म्हणाला. आवाज चढलेला नव्हता. यादी परत आणून द्यायचा तेव्हा असायचा तसाच होता. "रिकामा ठिवायचा न्हाई, राव."

आणि सीटच्या पाठी धरत धरत तो मागे, चाकावरच्या सीटकडे गेला. मोशीचे खड्डे सुरू झाले. प्रत्येक खड्ड्याला मागून त्याचा श्वास ओढल्याचा आवाज येत होता, आणि माझ्या शेजारी चाकणपर्यंत डब्याची पिशवी बसली होती.